गाय जागेवर आहे

डोंगरकडेच्या वाडीत ठकूबाई भांगरेच्या गाई दिवसभर रानात चरत आणि तिन्हीसांजेला घरी येत. चारा-अनुदानाचे अधिकारी लोखंडे साहेब पाहणीला आले ते नेमके भर दुपारी. गोठा रिकामा पाहून त्यांनी उभ्या उभ्या अनुदान नामंजूर केलं.

"साहेब, त्या समोरच्या टेकाडावर चरत्यात. हाक मारते, थांबा," ठकूबाई म्हणाली.

"पाहणीच्या वेळी जे जागेवर दिसत नाही, ते नाहीच. नियम आहे," म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाय दिवसा गोठ्यात उभी करायची, तर तिनं चरायचं कधी?

सोमवारी ती तालुक्याला गेली. जेवून, पान खाऊन साहेब सावकाश कचेरीत परतले, तर त्यांच्या खुर्चीला गाय बांधलेली. दारात ही गर्दी.

"हा काय गोठा वाटला तुला?" साहेब कडाडले.

"भर दुपारी पाहणीला आले, साहेब. खुर्चीत कुणी दिसलं न्हाई. तुमच्याच नियमानं हितं अधिकारीच न्हाई, म्हणून रिकाम्या जागी गाय बांधली," ठकूबाई म्हणाली. "आता लिवा, गाय जागेवर हाय. साहेबाचं काय ते मी वर कळवते."