तानूबाईनं पुसलेला प्रश्न

डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेलं एक खोरं होतं आणि त्या खोऱ्यात सात वाड्या होत्या. वाड्या लहान आणि जमीन थोडी, पण झाडी मात्र उदंड. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी. यांच्या फुलांवर मधमाशा जगायच्या आणि माशांवर माणसं. घरटी दोन-चार मधपेट्या असायच्याच.

खोऱ्याच्या मधोमध एक मधघर होतं. दर गुरुवारी सातही वाड्यांची माणसं तिथं मध घेऊन यायची. मधघराच्या भिंतीला एका खिळ्यावर सुतळीनं बांधलेली लांबट वही टांगलेली असायची. कुणाच्या पेटीतून माशा उडून गेल्या, कुणाच्या पोळ्याला कीड लागली, तर तो त्या वहीत डाव्या पानावर आपला प्रश्न लिहायचा. उजवं पान कोरं सोडायचं, कारण ते उत्तर देणाऱ्याचं. पुढच्या गुरुवारी यावं, तर तिथं कुणी ना कुणी चार ओळी लिहून ठेवलेल्या असायच्या.

ही वही केरबाआण्णा सांभाळत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा प्रश्न आण्णा लिहून घेत, आणि जसा सांगितला तसाच लिहीत. एकदा कुणीतरी एका म्हाताऱ्याच्या प्रश्नाखाली टवाळीची ओळ लिहून ठेवली होती. आण्णांनी पान फाडलं नाही. लिहिणाऱ्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. त्याला तीन शब्दांच्या पुढं वाचता आलं नाही. त्यानंतर त्या वहीत कुणी कुणाला हिणवलं नाही. आणि खरं सांगायचं तर, राग येऊन लिहायचं म्हटलं तरी आधी तासभर चालत मधघरापर्यंत जावं लागायचं. तेवढ्या वाटेत राग बहुधा उतरलेला असायचा.

मग खोऱ्यात फोन आले. सात वाड्यांतल्या त्रेचाळीस माणसांचा फोनवर एक ग्रुप झाला. सगळ्यांना फार नवल वाटलं. सकाळी विचारावं आणि चहा निवायच्या आत उत्तर मिळावं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वहीवर धूळ बसली. तिच्यात शेवटचा प्रश्न कुणी लिहिला, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

ग्रुपवर सगळ्यांत जास्त लिहायचा तो शशिकांत. तो शहरात शिकून आला होता. त्यानं मधमाश्यांवरची पुस्तकं वाचली होती आणि त्याच्याकडं बारा पेट्या होत्या. त्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या, आणि सांगायचाही मनापासून. सुरुवातीला लोकांना त्याचा मोठा आधार वाटला. पण हळूहळू त्याच्या उत्तरांना धार येऊ लागली. कुणी साधं काही विचारलं की तो म्हणे, एवढंही माहीत नाही का. कुणी जुनाच प्रश्न पुन्हा विचारला की त्याला सगळ्यांसमोर झापायचा. लोक हसायचे, आणि त्यांचं हसणं त्याला आवडू लागलं होतं.

खालच्या वाडीत तानूबाई नावाची एक बाई राहायची. नवरा बाहेरगावी कामाला, घरी सासू, आणि परसात चार पेट्या. तिचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. पण माशांचं तिला उपजत कळायचं. पेटीला कान लावून आत राणी आहे की नाही हे ती सांगायची. ग्रुपवर तिनं आजवर काही लिहिलं नव्हतं. ती फक्त वाचायची, बोटानं एकेक अक्षर लावत.

एका सकाळी तिनं पेटी उघडली आणि तिला पोळ्यात काहीतरी वेगळं दिसलं. पोळ्याच्या घरांमध्ये अळ्या मरून पडल्या होत्या. डोकी वर, अंग फुगलेलं, आणि काडीनं उचललं की अख्खी अळी पाण्याच्या पिशवीसारखी बाहेर यायची. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं एक फोटो काढला, तोही जरा हललेला. मग ओट्यावर बसून पाऊण तास खपून तिनं आयुष्यातला पहिला प्रश्न ग्रुपवर लिहिला.

"माज्या पेटीत आळ्या मेल्यात. पानी भरलेल्या पीशवी सारक्या दीसतात. कुनाला म्हाईत आसल तर सांगा."

शशिकांत त्या वेळी घाईत होता. त्यानं 'आळ्या मेल्यात' एवढंच वाचलं. फोटो उघडलाच नाही. मागच्या महिन्यात पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्यावर भरपूर चर्चा झाली होती, हा तोच प्रकार असं तो धरून चालला. आणि त्यानं लिहिलं, "आधी शुद्धलेखन शिका, मग माशा पाळा. हा प्रश्न दहा वेळा होऊन गेलाय. वर जाऊन वाचायचे कष्ट घ्या."

त्याखाली हसरे चेहरे पडू लागले. एक, दोन, पाच. सगळे मिळून अकरा. त्यात तिच्या शेजारणीचाही एक होता.

तानूबाईनं ते चेहरे मोजले. शशिकांतच्या बोलण्यापेक्षा ते तिला जास्त लागले, कारण ती सगळी ओळखीची माणसं होती. कुणाच्या बाळंतपणात ती जागली होती, कुणाच्या लग्नात तिनं पुऱ्या लाटल्या होत्या. तिनं आपला प्रश्न पुसून टाकला आणि फोन पिठाच्या डब्यामागं ठेवून दिला.

केरबाआण्णा आता थकले होते. ते जेवणानंतर चष्मा लावून फोन बघत. त्या दुपारी त्यांना शशिकांतचं उत्तर दिसलं, हसरे चेहरे दिसले, पण वरचा प्रश्न पुसलेला होता. नातीनं त्यांना सांगितलं की तानूबाईनं काहीतरी पिशवीसारखं लिहिलं होतं, फार चुका होत्या. आण्णांच्या मनात आलं, दोन शब्द लिहावेत. पण हल्लीच्या पोरांत आपण कशाला पडायचं, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

तानूबाईला उत्तर मिळालं नाही, म्हणून ती स्वतःच शोधू लागली. खराब झालेली पोळी कापून तिनं परसाच्या टोकाला खोल पुरली. आजारी पेट्या चांगल्या पेट्यांपासून दूर नेल्या. एकीला हात लावला की राखेनं हात धुतल्याशिवाय ती दुसरीला शिवायची नाही. पेटीचं दार तिनं एका वेळी एकच माशी जाईल इतकं बारीक केलं. राणीला काही दिवस वेगळं ठेवलं, म्हणजे नवी अंडी पडायची नाहीत आणि कामकरी माशांना घरं साफ करायला सवड मिळेल. चारांतल्या दोन पेट्या गेल्या. दोन वाचल्या.

हे लोकांना सांगायला हवं, असं तिला वाटत होतं. तिनं दोनदा फोन हातात घेतला. चार शब्द लिहिले आणि पुसले. 'पेटी'ची वेलांटी पहिली की दुसरी, हेच तिला आता ठरवता येईना.

तिकडं खोऱ्यात रीतच होती की एकाची माशी कमजोर झाली तर दुसऱ्यानं आपल्या पेटीतली पोळ्यानं भरलेली लाकडी चौकट उसनी द्यायची. चौकटी या घरून त्या घरी जात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर रोगही जात राहिला. कुणालाच ठाऊक नव्हतं की हे थांबवायला हवं. ज्यांच्या पेटीत तशा अळ्या दिसल्या, त्यांनी ग्रुपवर विचारलं नाही. विचारून हसं कोण करून घेणार?

जांभळं फुलायच्या सुमाराला शशिकांतनं आपल्या पेट्या उघडल्या. बारापैकी नऊ पेट्यांत तेच होतं. त्यानं पुस्तकं चाळली, औषध शोधलं, काही उपयोग झाला नाही. रोज एक पेटी गप्प होत गेली. शेवटी त्यानं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. एकही चूक नव्हती, फोटो स्वच्छ होते. त्रेचाळीसपैकी चाळीस जणांनी वाचल्याची खूण दिसली. उत्तर एकाचंही आलं नाही.

दोन दिवस वाट पाहून तो केरबाआण्णांकडं गेला. एवढी माणसं वाचतात आणि कुणी बोलत नाही, याचा त्याला राग आला होता. आण्णांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तानूचा प्रश्न तू पुरता वाचला होतास का रे?"

शशिकांतला आधी आठवेना. मग आठवलं. मेणकिड्याचा होता तो, असं तो म्हणाला.

"पिशवीचा होता," आण्णा म्हणाले.

शशिकांत उठला आणि तसाच खालच्या वाडीची वाट चालू लागला.

तानूबाई परसात पेटीपाशीच होती. त्याला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बसायला पोतं टाकलं आणि सासूला चहा ठेवायला सांगितलं. तो का आला हे तिनं विचारलं नाही. त्याच्या कपड्यांना चिकटलेल्या खराब पोळ्यांच्या मेणावरून तिला कळलंच असावं. तिनं त्याला आपली वाचलेली पेटी उघडून दाखवली. काय केलं, कसं केलं, कुठं चुकलं, किती दिवसांनी फरक पडला, सगळं सांगितलं. मध्येच थांबून म्हणाली की पहिली पेटी तिच्याच उशिरानं गेली, दोन दिवस आधी पोळी काढली असती तर ती तगली असती. तो मान खाली घालून ऐकत होता. इतकं बारकाईनं त्याला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

चहा झाल्यावर तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तानूताई, त्या दिवशी माझं चुकलं. मला माफ करा."

तानूबाई पेटीचं झाकण लावत होती. तिनं वळून पाहिलं. आवाज चढवला नाही.

"इथं कशाला माफी मागता, भाऊ? इथं तुम्ही मला काही बोलला नव्हता."

परतीच्या चढावर शशिकांत एका खडकावर टेकला. समोर सगळं खोरं दिसत होतं. जांभळीला मोहर आला होता, पण दरवर्षी या दिवसांत झाडाखाली उभं राहिलं की जो गुंजारव ऐकू यायचा, तो नव्हता. लहानपणी बापाचा हात धरून तो या वाटेनं मधघरी जायचा, तेव्हा त्या आवाजात बापाचं बोलणंही नीट ऐकू यायचं नाही. ते त्याला आठवलं.

त्यानं फोन काढला. रोगावरचा सगळा उपाय क्रमानं लिहून काढला, अगदी नेटका. पाठवायला बोट नेलं आणि थांबला. त्या लिखाणात तानूबाईचं नाव कुठंच नव्हतं. असंच पाठवलं असतं तर लोकांनी त्याला पुन्हा शहाणा म्हटलं असतं, पेट्याही वाचल्या असत्या आणि त्या दिवसाचं कुणी नावही काढलं नसतं. मग त्यानं ते सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

"तीन महिन्यांपूर्वी तानूताईंनी इथं याच रोगाबद्दल विचारलं होतं. मी प्रश्न नीट वाचला नाही, फोटो पाहिला नाही आणि तुम्हां सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला. त्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं असतं, तर चौकटी देणंघेणं आपण तेव्हाच थांबवलं असतं. माझ्या नऊ पेट्या माझ्याच बोलण्यानं गेल्या, तुमच्याही काही गेल्या असतील. तानूताई, मी माफी मागतो. खालचा उपाय त्यांचा आहे. आजपासून कुणी कुणाला चौकट देऊ नका."

खाली त्यानं उपाय लिहिला आणि पाठवून दिलं.

मग केरबाआण्णांची एक ओळ आली, की त्या दिवशी मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही, तानू, माझंही चुकलं. मागोमाग तानूबाईच्या शेजारणीनं लिहिलं, मी हसले होते, नको होतं हसायला. असे एकेक करत आणखी काही जण आले. अकराच्या अकरा काही आले नाहीत. पण सात आले.

आणि मग वरच्या वाडीचा गेनू, ज्यानं ग्रुपवर आजवर कधी अक्षर लिहिलं नव्हतं, त्यानं लिहिलं, "मला बी दोन म्हयने झालं येक इचारायचं व्हतं. माज्या पेटीतली राणी दिसत न्हाई. भ्या वाटत व्हतं म्हनून इचारलं न्हाई."

शशिकांतला उत्तर ठाऊक होतं. तो लिहायला लागणार, तेवढ्यात वरती दिसलं की तानूबाई काहीतरी लिहिते आहे. त्यानं हात आवरला. ती लिहीत राहिली, थांबली, पुन्हा लिहीत राहिली. तिला फार वेळ लागला. साऱ्या खोऱ्यात बाकीची बेचाळीस माणसं आपापल्या ओट्यांवर फोन हातात धरून वाट पाहत होती, आणि मध्ये कुणीही बोललं नाही.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: चारचौघांत कुणी प्रश्न विचारला तर तो आधी पुरता वाचावा, मग बोलावं. आपण एकाला हसतो, तेव्हा न विचारताच गप्प होणारे किती असतात ते आपल्याला दिसत नाही. आणि जिथं कुणाचा मान घेतला, तो तिथंच परत करावा.