न्यायाधीशाचे अंथरूण

घाटमाथ्यावरच्या एका नगरात एकदा एका तरुण न्यायाधीशाने एक नियम केला, आणि सगळ्या नगराने त्याला दुवा दिला. तसे कारणही घडले होते. खालच्या पेठेतून माल घेऊन येणाऱ्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला दरोडेखोरांनी घाटात गाठले आणि ठार केले. त्याच्या बायकोला प्रेत ओळखता आले ते केवळ पायांतल्या जोड्यांवरून. तेव्हापासून दिवेलागणीनंतर घाटाकडे पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. लेकी माहेरी यायच्या थांबल्या, पेठेतली दुकाने ऊन उतरायच्या आत बंद होऊ लागली.

तरुण न्यायाधीशाने घाटाच्या वरच्या तोंडाशी चौकी बसवली. सूर्य मावळल्यावर घाटात जो कुणी दिसेल त्याने आपल्या गावच्या पाटलाने दिलेला तांब्याचा बिल्ला दाखवावा. बिल्ला नसेल त्याला चौकीच्या कोठडीत ठेवावे, आणि सकाळी न्यायासन भरले की त्याची चौकशी व्हावी. नियम साधा होता, पोरासोरांनाही समजेल असा. पहिल्याच पंधरवड्यात दोन खरे दरोडेखोर हाती लागले आणि उरलेल्यांनी मुलूख सोडला. घाट पुन्हा वाहता झाला. देवळात, पारावर, जेवणाच्या पंगतीत न्यायाधीशाचेच नाव. त्यालाही ते ऐकून बरे वाटे. कुणाला वाटणार नाही?

घाटाच्या पायथ्याशी तेव्हा पाथरवटांची पालं पडली होती. नगराने नवे तळे बांधायला घेतले होते आणि त्याच्या पायऱ्या ही माणसे घडवत होती. काम संपले की पालं उचलायची आणि दुसरीकडे जायचे, ही त्यांची रीत. त्यांना गाव नाही, म्हणून पाटील नाही, म्हणून बिल्लाही नाही. हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. कुणी मुद्दाम केले असे नव्हे. नियम करायला बसलेल्या सगळ्यांना गाव होते, इतकेच.

त्या पाथरवटांतल्या सटवाची बायको तुळसा बाळंतपणाला अडली. पालातल्या बायकांनी हात टेकले आणि सांगितले, वरच्या नगरातली सुईण आण, नाहीतर काही खरे नाही. सटवा होता तसा निघाला. चौकीपाशी पोचला तेव्हा सूर्य नुकता मावळला होता आणि त्याच्या कमरेला कामाची छिन्नी तशीच खोचलेली होती. पहारेकऱ्यांनी बिल्ला मागितला. मग पुढे जे व्हायचे ते नियमाप्रमाणे झाले.

पहारेकरी दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला पाणी दिले, घोंगडी दिली, सकाळी साहेब येतील आणि तुला सोडतील असा धीरही दिला. सकाळी न्यायाधीशाने सगळ्यांत आधी त्याचेच प्रकरण घेतले, दोन शब्दांत त्याला सोडले आणि सुईणीला त्याच्यासोबत धाडले. पण ती दोघे खाली पोचली तेव्हा तुळसा गेली होती, आणि पोटातले मूलही.

न्यायाधीशाला अन्न गोड लागेना. कुणीतरी नियम मोडला असता तर त्याने त्याला धारेवर धरले असते. इथे तर सगळ्यांनी नियम पाळला होता. अखेर त्याने आपल्या गुरूंना निरोप पाठवला. हे वृद्ध आचार्य नदीकाठच्या धर्मशाळेत राहत. न्यायाधीशाला न्यायशास्त्र त्यांनीच शिकवले होते. ते आले, पण शिष्याच्या घरी न जाता आधी पाथरवटांच्या पालावर जाऊन बसले. मग त्यांनी देवळाच्या मंडपात सभा बोलावली.

सभेत नगरशेठ बोलले, चार व्यापारी बोलले. चौकी उठवली तर आम्ही दुकाने मोडून जाऊ, असे त्यांचे म्हणणे. मग कापडाच्या व्यापाऱ्याची विधवा उभी राहिली. "त्या पोरीचं झालं ते वाईटच झालं," ती म्हणाली, "पण माझे धनी गेले तेव्हा घाटात एक पहारेकरी असता तर? मी कुणाकडे पाहू?"

आचार्यांनी सटवाला विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

सटवा खांबाला टेकून उभा होता. "चौकी उठवा आसं म्या म्हनत न्हाई," तो म्हणाला. "चोर कुनाला हवेत? पर म्या रातभर वरडत व्हतो, माझी बायकू अडलीय म्हून. त्यांनी ऐकलं. ऐकून म्हनाले, आमच्या हातात न्हाई. ज्याच्या हातात व्हतं, त्यो तितं नव्हता. येवढंच."

शिष्याची मान खाली गेली. चौकी रद्द केल्याचा हुकूम त्याने लिहूनच आणला होता आणि स्वतःचे पद सोडायचेही मनात ठरवले होते. तो उठणार तोच आचार्य म्हणाले, "नियम राहील. चौकीही राहील."

मंडपात कुजबुज झाली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पाथरवटांनी एकमेकांकडे पाहिले. शिष्याला तर आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्यांनी आपल्याला करुणा शिकवली तेच हे?

आचार्य सभेतून उठले आणि सरळ शिष्याच्या घरात शिरले. शिष्य मागोमाग धावला. पाहतो तो काय, गुरुजींनी त्याच्या निजायच्या खोलीतली गादी गुंडाळली, उशी आणि पांघरूण त्यातच कोंबले आणि ते ओझे खांद्यावर घेऊन ते रस्त्याला लागले. नोकर धावले, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. भर पेठेतून वृद्ध आचार्य अंथरूण वाहून नेत आहेत आणि मागून नगराचा न्यायाधीश ओशाळवाणा चालला आहे, हे पाहून काही जण हसलेसुद्धा. ऊन कलले होते. धापा टाकत आचार्य घाटाच्या चौकीवर पोचले आणि कोठडीच्या दारासमोरच्या ओट्यावर त्यांनी ती गादी पसरली.

"आजपासून तू इथे निजायचंस," ते म्हणाले.

शिष्य ओट्यावर टेकला. तेव्हा आचार्य त्याच गादीच्या कडेवर बसले.

"मी नियम ठेवला म्हणून तू रागावलास. पण त्या कापडवाल्याच्या बायकोला मी काय सांगू? पहारा उठवला, तर उद्या आणखी एक बाई घाटात जोडे ओळखायला जाईल. पहारा चूक नाही. संशय आला तर माणसाला थांबवावं लागतं, हेही चूक नाही. पण थांबवलेला माणूस आणि त्याचा निवाडा करणारा माणूस, या दोघांच्या मध्ये तू एक अख्खी रात्र ठेवलीस. ती कशासाठी होती रे? नगराच्या रक्षणासाठी? कोठडीचं दार लागलं तेव्हाच नगर सुरक्षित झालं होतं. ती रात्र तुझ्या झोपेसाठी होती."

"मला कळलं असतं तर मी धावत आलो असतो, गुरुजी," शिष्य कसाबसा म्हणाला.

"आला असतास. तू मनाने चांगला आहेस, हे मला ठाऊक आहे. पण तुला कळणार कसं? तुझ्या नियमात चोराला धरण्याची सोय होती, तुला उठवण्याची नव्हती. सबंध नगर निर्धास्त झोपलं, आणि त्या झोपेसाठी लागलेलं जागरण एकट्या सटवाने केलं. बिल्ला नसलेल्या माणसानेच ते दर वेळी करायचं, असं तुम्ही सर्वांनी ठरवून टाकलं, आणि ठरवलंय हे तुम्हाला कळलंही नाही. दुसऱ्याला कोंडायचा अधिकार हवा, तर त्याचं ऐकायला जागंही राहायला हवं. जमत नसेल तर तुझ्या जोडीला आणखी न्यायाधीश नेम. पण हा ओटा रिकामा ठेवू नकोस."

शिष्याने डोळे पुसले. "आणि सटवाला मी काय देऊ?"

आचार्यांनी खाली पालांच्या दिशेने पाहिले. "त्याला देण्यासारखं तुझ्याकडे काही नाही," ते म्हणाले. "माझ्याकडेही नाही. मी त्याच्या पालावर बसलो होतो, तर मलाही एक शब्द बोलता आला नाही."

इतक्यात पहारेकऱ्यांनी एका म्हाताऱ्या धनगराला समोर आणले. दिवस मावळला होता आणि त्याच्याजवळ बिल्ला नव्हता. एक पहारेकरी सवयीने कोठडीचे दार उघडू लागला. न्यायाधीश ओट्यावरून उठला.

"बाबा, कुठून आलात?"

"वैद्याकडनं, मालक. नातवाला फेफरं येतंय. खाली मेंढरांच्या वाडग्यावर न्यायचंय आवषद." त्याने मुठीतली पुडी पुढे केली.

न्यायाधीशाने पुडी हुंगून पाहिली. नगरातल्या वैद्याच्या औषधाचा तो उग्र वास त्याच्या ओळखीचा होता. त्याने एका पहारेकऱ्याला बोलावले. "मशाल घे आणि यांच्याबरोबर वाडग्यापर्यंत जा. नातू आजारी असेल तर यांना हवी ती मदत कर. यांचं म्हणणं खोटं निघालं, तर यांना परत घेऊन ये."

म्हातारा हात जोडून पहारेकऱ्याबरोबर निघून गेला. मशालीचा उजेड पहिल्या वळणाआड दिसेनासा झाला. पश्चिमेची तांबूस कड अजून पुरती विझली नव्हती. न्यायाधीश त्या वळणाकडे पाहत तसाच उभा राहिला, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"गुरुजी," तो म्हणाला, "त्या रात्री इतकंच करायचं होतं?"

"हो," आचार्य म्हणाले. "इतकंच होतं."

न्यायाधीश खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. आचार्य त्याच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी त्याची समजूत काढली नाही.