मान्य व कबूल नाही

एका गावात कचेरी होती, आणि कचेरी म्हटली की तिथे वकील आलाच. या गोष्टीतला वकील वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लाच नाही, व्यसन नाही, गरिबाला दारातून हाकलणं नाही. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. ही चांगल्या माणसाची आहे, म्हणून जड जाते.

त्याची एक रीत होती. समोरच्यानं दाव्यात काहीही लिहिलेलं असो, हा आपल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, प्रत्येक कलमाखाली एकच वाक्य लिहायचा: ‘हा मजकूर साफ खोटा व लबाडीचा असून आम्हांस मान्य व कबूल नाही.’ कलमं वीस असली तर वाक्यंही वीस. पारावरची माणसं म्हणायची, "समोरच्यानं लिहिलं ना, सूर्य पूर्वेला उगवतो, तरी आपला वकील म्हणेल, मान्य नाही, पुरावा आणा!"

वकिलाला हे ऐकून हसू यायचं, बरंही वाटायचं. त्याच्या गुरूनं त्याला शिकवलंच होतं, की एक कबूल केलंस की दुसरं कबूल करावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तो जिंकत होता. जिंकणाऱ्या माणसाला कोण शहाणपण शिकवणार?

एके दिवशी सकाळी एक बाई त्याच्या ओसरीवर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण आवाज चढा.

"आक्कानं माझ्यावर दावा लावलाय, साहेब. सख्ख्या बहिणीनं! आईचा पानमळा आहे आमचा, विड्याच्या पानांचा. मी म्हटलं, माझा अर्धा मला वाटून दे. तर म्हणे, मधून कुंपण घातलं तर वेल मरतील. म्हणे, तुला मळ्यातलं काय कळतंय! हिला वेलांची काळजी, बहिणीची नाही."

"अर्धा तुमचा आहेच," वकील म्हणाला. "दोनच लेकी, दोघींना सारखा वाटा. कायदा सरळ आहे."

"तसं नाही हो. आक्का मनानं वाईट नाही. ती काय झालं माहितेय का..."

"मुद्द्याचं बोला, बाई."

बाईला जे सांगायचं होतं ते तिच्या पोटातच राहिलं. वकिलाला वाटलं, बरं झालं, वेळ वाचला.

मग त्यानं थोरलीचा दावा वाचला. साध्या बाईनं सांगितलेला आणि कुणीतरी उतरवून घेतलेला. चौथ्या कलमात लिहिलं होतं, ‘माझ्या हयातीत मळा अखंड राहू द्यावा, माझ्या मागे तो सगळा धाकटीचाच आहे.’ पाचव्यात लिहिलं होतं, ‘आई गेली तेव्हा धाकटी दीड वर्षाची होती. मी तिला कडेवर घेऊन मळा राखला, तिला लहानाची मोठी केली, तिच्यापायी लग्न केलं नाही.’

वकिलाचा हात सवयीनं चालला. चौथं कलम, साफ खोटं. पाचवं कलम, साफ खोटं व लबाडीचं. एक बाई आपल्या बहिणीला सगळा मळा देऊ म्हणते, आणि हा म्हणतो मान्य व कबूल नाही! पण हाताला कुठे कान असतात?

सहीच्या दिवशी धाकटी बोट ठेवत ठेवत कैफियत वाचू लागली. पाचव्या कलमावर तिचं बोट अडलं.

"साहेब, हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"आक्कानं मला वाढवलं नाही, असं लिहिलंय. पण वाढवलं की तिनं! गोवर आला तेव्हा नऊ दिवस मांडीवर घेऊन बसली होती. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला असेल. कोर्टाला नाही. त्यांनी सिद्ध करावं."

"आणि मला? मला ठाऊक आहे ना!"

"अहो बाई, हे असंच लिहायचं असतं. ही कोर्टाची भाषा. कुणी मनाला लावून घेत नाही."

"तेवढी एक ओळ काढा की, साहेब. बाकी काय हवं ते लिहा. मला अर्धा मळा पाहिजे. आक्का खोटी पडायला नको."

बघा, इथे गोष्ट थांबली होती. इथून ती कुठेही वळली असती. वकिलाला पक्कं ठाऊक होतं की त्या ओळीवाचूनही अर्धा वाटा मिळणार आहे. वाढवलं हे खरं म्हटल्यानं कुणाचा हक्क जात नसतो. उलट ‘होय, आक्कानं मला वाढवलं, तरी माझा वाटा मला हवा’ असं लिहिलं असतं तर न्यायाधीशालाही बरं वाटलं असतं. पण सुवाच्य अक्षरात अकरा पानं लिहून तयार होती. शेवटच्या पानावर शिक्कासुद्धा बसला होता. एका ओळीसाठी सगळं पुन्हा लिहायचं?

"सही करा," वकील म्हणाला. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

धाकटीनं सही केली. तिचा विश्वास होता, तीच तर पंचाईत.

त्या कचेरीत कैफियत भर सभेत मोठ्यानं वाचायची पद्धत होती, कारण निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही. कारकून वाचत गेला. थोरली पदर खांद्यावर घेऊन उभी होती. उन्हानं रापलेली, हातांना पानांचा हिरवा डाग, तो आता धुऊनही न जाणारा. पाचवं कलम आलं.

"थांबा," ती म्हणाली. "एवढं पुन्हा वाचा, सायेब."

कारकुनानं पुन्हा वाचलं. ‘थोरलीने धाकटीस वाढविले हा मजकूर साफ खोटा व लबाडीचा.’

"हे वकिलानं लिहिलंय का तिनं?"

"खाली सही तुमच्या बहिणीची आहे," न्यायाधीश म्हणाले.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान खाली घातली. नुसतं ‘आक्का’ म्हणून हाक मारली असती तरी चाललं असतं, पण वकिलानं कोर्टात बोलू नका म्हणून बजावलं होतं.

"मग माझं काही म्हणणं नाही," थोरली म्हणाली. "अर्धा कशाला, सगळा द्या त्यांना. ज्यांच्यासाठी राखला त्याच म्हणतात मी त्यांची कुणी नाही. मग तो मळा घेऊन मी काय पानं खात बसू?"

दावा तिनं तिथेच काढून घेतला आणि मळ्याचं सोडपत्र लिहून दिलं. लोक वकिलाभोवती गोळा झाले. अर्धा मागितला आणि सगळा मिळवला, असा वकील पाहिला नाही म्हणाले. वकीलही फुशारला. ती ‘त्यांना’ म्हणाली होती, हे एकट्या धाकटीच्या कानात रुतलं.

महिन्याभरानं धाकटी पुन्हा ओसरीवर आली. या वेळी आवाज चढा नव्हता.

"साहेब, आक्का मला ‘तुम्ही’ म्हणते."

"म्हणजे?"

"गेले होते मी. पाया पडायला वाकले, तर मागे सरली. म्हणाली, ‘या बाई, बसा. पाणी घ्या.’ जन्मात मला तिनं ‘तू’शिवाय बोलवलं नाही. धाकले म्हणायची, भवाने म्हणायची, मेले म्हणायची. चार शिव्या दिल्या असत्या, पायतान फेकून मारलं असतं तरी मी हसत घरी आले असते. ‘तुम्ही’ म्हणते हो!" तिनं पदरानं तोंड पुसलं. "यावर काही अर्ज करता येतो का?"

वकिलानं आयुष्यभर अर्ज लिहिले होते. जप्तीचा, ताब्याचा, तहकुबीचा, माफीचा. हा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"मी जाऊन येतो," तो म्हणाला.

थोरली आता गावाबाहेर एका खोलीत राहत होती आणि दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडायला जात होती. तिनं वकिलाला चटई दिली, पाणी दिलं.

"ती ओळ माझी होती," वकील उभ्याउभ्याच म्हणाला. "तिनं काढा म्हणून सांगितलं होतं. मी काढली नाही."

चटई सारखी करणारा थोरलीचा हात थांबला. "तिनं सांगितलं होतं?"

"होय."

"मग का नाही काढली?"

"पुन्हा लिहावं लागलं असतं," तो म्हणाला.

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. रागानं नव्हे. एखाद्या पोरानं खेळता खेळता घर पेटवावं आणि त्याच्याकडे बघावं, तशी.

"आणि तिनं सही का केली?"

"मी म्हटलं, करा."

"वकीलसायेब, तुमच्यावर माझा राग नाही. परक्यावर कशाला रागवायचं? पण मी तिला वाढवली ती अशी नव्हती वाढवली. कुणी सांगितलं म्हणून खोट्याखाली नाव घालणारी." तिनं पाण्याचं भांडं उचलून ठेवलं आणि म्हणाली, "सांगा तिला, या म्हणावं. घर आहे."

परतीच्या वाटेवर वकील तेवढाच निरोप घोळवत चालला. धाकटी वेशीवरच उभी होती.

"काय म्हणाली आक्का?"

"बोलावलंय."

"‘ये’ म्हणाली का ‘या’ म्हणाली?"

वकिलाच्या ओठांवर ‘ये’ आलं होतं. एका अक्षराचा तर फरक! खऱ्याला खोटं म्हणण्यात ज्याची हयात गेली, त्याला एवढं जड नव्हतं. बाईचा चेहरा उजळला असता. पण पहिल्यांदाच त्याला कळलं, की या दोघींच्या मध्ये आपण एक खोटं घालून चुकलोय, आता दुसरं घालायला जागा नाही.

"‘या’ म्हणाली," तो म्हणाला.

धाकटीनं मान हलवली आणि गेली. अजूनही जाते. बसायला चटई मिळते, प्यायला पाणी मिळतं, निघताना ‘सावकाश जा’ मिळतं. मळ्यात मात्र आक्काचं पाऊल पुन्हा पडलं नाही, आणि राखणारा हात नसला की पानवेल किती दिवस टिकणार?

वकील आता ओसरीवर येणाऱ्याला आधी विचारतो, "समोरच्याचं खरं काय आहे, ते पहिलं सांगा." आणि ते ऐकून घेतो, शेवटपर्यंत. कैफियतीत आधी ते कबूल करून मगच भांडायला सुरुवात करतो. कितीतरी भांडणं कचेरीची पायरी चढायच्या आतच मिटतात. लोक म्हणतात, वकील मऊ झाला. दुसऱ्यांच्या घरांना त्याचा फायदा झाला, होऊ दे. ज्या घराकडून तो शिकला, ते मात्र मोडलं ते मोडलंच.

तात्पर्य, वकिलांनी घ्यावं आणि भांडणाऱ्या प्रत्येकानं घ्यावं: हक्कासाठी खुशाल भांडा, पण समोरच्याचं जे खरं आहे त्याला खोटं म्हणू नका. हरलेला मळा पुन्हा लावता येतो, नाकारलेलं नातं लावता येत नाही.