घर नेमकं कोणाचं?

सिन्नरच्या रजनीबाई पावसे अगदी वैतागून गेल्या होत्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि घराच्या कर्जाचे चार हप्ते थकले. हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या, असा अर्ज घेऊन त्यांनी बँकेत सहा हेलपाटे घातले. दर वेळी त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं जाई, पण अर्ज कोणी वाचत नसे.

शेवटी मॅनेजर धारणकर साहेब स्वतःच जप्तीची नोटीस घेऊन दारात उभे राहिले. शेजारीपाजारी जमले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात साहेब म्हणाले, "बाई, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर बँकेचं असतं. तुम्ही इथे नुसत्या राहता."

"बरं झालं सांगितलंत," म्हणत रजनीबाईंनी आतून पावत्यांची पिशवी आणली. "सात वर्षं घरपट्टी मी भरली. गच्ची गळत होती, ती मी दुरुस्त करून घेतली. घर बँकेचं, तर हा खर्चही बँकेचा. तो आधी द्या."

साहेब गडबडले. "असं कसं? ज्याचं घर, त्यानेच हा खर्च करायचा असतो."

"मग घर कोणाचं?"

साहेबांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "तुमचंच," ते पुटपुटले.

"माझंच ना? मग माझ्या घरी आलाच आहात तर बसा," रजनीबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, "आणि माझा अर्ज वाचूनच उठा."

साहेब मुकाट्याने बसले. अर्ज एका पानाचा होता, वाचायला चार मिनिटंही लागली नाहीत. त्याच आठवड्यात हप्ता कमी झाला आणि बँकेने नोटीस मागे घेतली.