शेंगेचं तोंड

“मला शेंगा खायच्यात का पाला? शेंगा मातीत आणि औषध फवारतोस पानांवर?” गजेंद्रराजे तातोबा माळ्यावर कडाडले. “औषध शेंगांवरच मार. पण खबरदार, माती उकरायची नाही! दिवस मावळेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मळा सोडून चालता हो.”

तातोबाच्या पायाखालची जमीन सरकली. सरकारी भुईमुगावर टिक्का रोग पडला होता. पानांवर काळे ठिपके उठत आणि पानं गळून जात. फवारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी दोन महिने अर्ध्या मळ्यालाच पुरत होतं, म्हणून बिचारा आणखी मोरचूद मागायला गेला आणि हे झेंगट गळ्यात पडलं. उभा जन्म ज्या मळ्यात गेला, तो सोडून जायचं कुठं?

राजे हट्टी खरे, पण शेंगांपुढे त्यांचा हट्टही पातळ व्हायचा. तातोबाची लेक धुरपा हिनं त्याच दुपारी मळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शेंगा भाजून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. न फवारलेल्या बाजूचे दाणे सुरकुतलेले, कडवट. राजांनी थू करून टाकले. फवारलेल्या बाजूचे टपोरे दाणे मात्र गुळाबरोबर असे हाणले की टोपली रिकामी झाली आणि पोटात कळ उठली!

वैद्यबुवा काढा घेऊन धावले. त्यांनी वाटी राजांच्या ओठांना लावली, तोच धुरपा आडवी आली.

“थांबा, बुवा. कळ पोटात हाय आन् काढा तोंडात वतताय? पोटावरच वता की. अंगरखा मात्र उचलायचा न्हाई.”

“पोरी, गप बस,” तातोबा पुटपुटला. त्याला आता मळ्याची नव्हे, मानेची काळजी लागली होती.

“अगं खुळे,” राजे कण्हत म्हणाले, “तोंडातून गेल्याशिवाय औषध पोटाला लागू कसं पडेल?”

“तसंच हाय, सरकार. शेंगंचं तोंड वर हाय, पानात. पान जेवलं तर शेंग भरती. पान करपलं की खाली शेंग उपाशी. उपाशी शेंगा तुमीच आता थुकल्या न्हवं?”

राजे पोट धरून असे हसले की पुन्हा कळ आली.

“हसवू नकोस गं! तातोबा, हवं तेवढं मोरचूद घेऊन जा. आणि तू फवारलेला तो अर्धा मळा आजपासून तुझ्या लेकीचा.”

धुरपा वाकून मुजरा करत म्हणाली, “मग सरकार, फुडल्या साली शेंगा खायाला आमच्याकडं यावं लागंल.”

“येईन की,” राजे काढ्याची वाटी उचलत म्हणाले, “पण गूळ बेतानं ठेव!”