रिकाम्या सापळ्याची साक्ष

एकदा एका सुनेने सासऱ्यांशी वाद घालून तीन एकर कपाशी स्वतःच्या हाती घेतली. तिचे नाव द्वारका. सासरे म्हणाले, "कर बाई. पण यंदाही बोंडअळीनं पीक नेलं, तर दिवाळीनंतर शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकीन. मग पुन्हा शेताचं नाव काढायचं नाही." द्वारका हबकणाऱ्यांपैकी नव्हती. ती थेट गावातल्या एका वृद्ध, जाणत्या कास्तकाराकडे गेली आणि म्हणाली, "आबा, मला शिकवा."

आबांनी तिला सहा कामगंध सापळे लावायला सांगितले. या सापळ्याची युक्ती मोठी नामी. रबराच्या इवल्याशा गोळीला मादी पतंगाचा गंध दिलेला असतो. त्याला भुलून नर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. किती अडकले ते रोज मोजायचे. "लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, की फवारणीची वेळ झाली. त्याआधी उगाच विष ओतू नको," आबा म्हणाले.

पहिल्या दिवशी पिशव्या रिकाम्या. आठव्या दिवशीही रिकाम्याच. बांधापलीकडे शेजाऱ्याच्या सापळ्यांत दहा-दहा पतंग, आणि हिच्याकडे औषधालाही एक नाही. बाईच्या अंगावर मूठभर मांस चढले. "माझ्या रानात यायची अळीची टाप नाही," असे ती विहिरीवर सांगत सुटली. नवव्या दिवशी मोठ्या कौतुकाने तिने आबांना शेतावर आणले.

आबांनी रिकामी पिशवी पाहिली. शाबासकी काही दिली नाही. तिला हात पुढे करायला लावून त्यांनी तिची बोटे हुंगली. मग ओळीओळींत फिरून वीस हिरवी, टणक बोंडे तोडली आणि तिच्या ओच्यात टाकली.

"फोड."

"अहो आबा, चांगली बोंडं आहेत ही."

"म्हणूनच फोड."

सातव्या बोंडात गुलाबी अळी निघाली. अकराव्यात दुसरी. विसावे फोडेपर्यंत चार झाल्या. द्वारका मटकन खाली बसली. तिला रडूच फुटले. "शेत गेलं माझं, आबा. सापळ्यानं दगा दिला."

"सापळ्यानं नाही. रोज सकाळी दाताला मिश्री लावतेस आणि त्याच बोटांनी गोळ्या बसवल्यास. तंबाखूच्या उग्र वासात गोळीचा गंध बुजला. ही चूक लहान, कुणाच्याही हातून होते. मोठी चूक त्यानंतरची. बांधापलीकडे दहा पतंग आणि आपल्याकडे एकही नाही, हे बघून तुला शंका यायला हवी होती. तुला आनंद झाला. मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. पोरी, पिशवी रिकामी असली म्हणजे एक तर कीड नाही, नाही तर ती आपल्याला दिसत नाही. यातलं खरं काय, ते बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. आता ऊठ. विसात सोळा बोंडं अजून चांगली आहेत."

द्वारकेने डोळे पुसले. त्याच दिवशी गळून पडलेली किडकी बोंडे वेचून तिने जाळली आणि फवारणी केली. राखेने हात घासले, नव्या गोळ्या कोऱ्या कागदात धरून बसवल्या. दुसऱ्या सकाळी पिशवीत अकरा पतंग होते. सासरे बांधावरून म्हणाले, "रिकाम्या होत्या तेच बरं होतं की."

"मामंजी, पतंग तेव्हाही होते. मला दिसत नव्हते," ती म्हणाली आणि पुढच्या सापळ्याकडे वळली.

पुढे आकडा उतरत गेला. महिन्याभराने एका सकाळी सहाही पिशव्यांत मिळून एकच पतंग निघाला. "सुटलीस," सासरे म्हणाले. द्वारका हसली नाही. तिने वीस बोंडे तोडली, बांधावर बसली आणि फोडू लागली. सासरे शेजारी बसले आणि त्यातली निम्मी त्यांनी आपल्याकडे ओढली.

शेवटचे बोंड निरोगी निघाले. ते तळहातावर धरून सासरे म्हणाले, "पुढच्या वर्षी सापळे जरा आधी लाव."