वेळाईच्या कपाळीची लालडी

वेळाण्याला खाडीच्या तोंडाशी वेळाईचे देऊळ आहे. तिथे पहिल्यांदा येणारा माणूस जरा गोंधळतो. नारळ वाहायला आलेली बाई हात जोडण्याआधी देवीला सांगते, "आई, नारळ आहे, एका अंगाने डागी आहे." दुसरी कुणी साडीची घडी उलगडते आणि म्हणते, "आई, सुती आहे, काठ तेवढा रेशमी." पाहुण्यांना हसू आवरत नाही. ऐंशीला टेकलेल्या दाजी गुरवांना या हसण्याची सवय झाली आहे. हसणाऱ्याला ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेतात आणि देवीच्या कपाळावरचा बोराएवढा लाल खडा दाखवतात. "माणिक का?" असे सगळेच विचारतात. दाजी नकारार्थी मान हलवतात. ती लालडी आहे, माणकासारखा दिसणारा पण त्याहून स्वस्त खडा. मग पाहुण्यांना पायरीवर बसवून ते तिची हकीकत सांगतात.

गलबते नुसत्या वाऱ्यावर चालत होती त्या काळची ही गोष्ट, असे सांगतात. गावात राघोजी तांडेल नावाचा खारवी होता, गलबताचा म्होरक्या. येसू त्याची बायको. एका वर्षी त्याचे गलबत गेले ते परत आलेच नाही. दोन पावसाळे उलटले, गावाने त्याची आशा सोडली. येसूने सोडली नाही. रोज दिवेलागणीला ती किनाऱ्यावरच्या खडपावर, उघड्या कातळावर, पणती ठेवी. वाऱ्याने विझू नये म्हणून तिने आपल्या लग्नातले तांबडे लुगडे फाडून काठ्यांवर ताणले होते, आणि त्याच्या आत ती पणती तेवत असे. बायका म्हणत, येसूला खूळ लागले. लागलेच असेल, दाजी म्हणतात, पण तेल तिचे, लुगडे तिचे, लोकांच्या पोटात का दुखावे?

तिसऱ्या वर्षी एका सकाळी राघोजी त्याच खडपाखाली वाळूत सापडला, फळीला मिठी मारलेला. कुठे होता, कसा आला, कुणाला कळले नाही. येसूने देवळात साखर वाटली. पण चार दिवसांत तिच्या ध्यानात आले की नवरा देहाने तेवढा घरी आला आहे. भरवले तर जेवे, निजवले तर निजे. एरवी ओट्यावर बसून पाण्याकडे पाही. येसू समोरून गेली तरी त्याची नजर तिच्यातून आरपार जाई. मेलेल्या नवऱ्यासाठी रडता येते, या नवऱ्यासाठी तिला रडताही येईना. तिने वेळाईला नवस केला, "त्याला माझी ओळख पटू दे आई, तुझ्या कपाळावर माणिक बसवीन."

नवसाला महिना झाला असेल नसेल. येसू चुलीपुढे बसल्या बसल्या कुठल्या विचारात हरवली होती, आणि मागून आवाज आला, "येसू, भात करपला गो."

तो करपलेला भात तिने डोळे पुसत पुसत वाढला, म्हणे.

आता माणिक आणायचे होते. येसूने हातातल्या पाटल्या काढल्या आणि ती दुलबाशेट सोनाराकडे गेली. दुलबाशेटांनी तिच्यापुढे एक खडा ठेवला. त्याच्याकडे पाहताच येसूचा जीव त्यात गुंतला. आत कुठेतरी दिवा लावून ठेवला असावा असा तो लाल होता. पण दुलबाशेट सचोटीचे पारखी. त्यांनी खडा उजेडात धरून तिला हळूहळू फिरवून दाखवला.

"नीट बघ बाय. माणिक फिरवलं की रंग बदलतं. या अंगाने जांभळट, त्या अंगाने केशरी. हा खडा कुठूनही बघ, एकच लाल. ही लालडी. माणिक तुझ्या पाटल्यांत यायचं नाही."

येसूने खडा मुठीत धरला. नवस फेडला नाही तर देवी दिलेले परत नेईल, एवढेच तिला दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "शेट, गावाला कुठं कळतंय? मी माणिक म्हनीन, तुम्ही गप ऱ्हावा."

दुलबाशेटांनी खडा पुडीत बांधून दिला. त्यांच्यात रीत होती, रत्न घेणाऱ्याने ते आधी तीन दिवस उशाशी ठेवायचे आणि काय स्वप्ने पडतात ते पाहायचे. "चौथ्या दिवशी पुनव आहे, तेव्हा वाहा," ते म्हणाले. "तोवर स्वप्नं काय सांगतात ते ऐक."

पहिल्या पहाटे येसू स्वप्नात समुद्राच्या तळावरून चालत होती. पाणी अंगाला लागत नव्हते, मासे दारातल्या चिमण्यांसारखे बाजूला होत होते. पुढे वेळाई पाठमोरी बसलेली होती. तिने विचारले, "काय आणलंस?" येसू म्हणाली, "माणिक." देवीने मान वळवली नाही. येसू जागी झाली तेव्हा राघोजी ओट्यावर जाऊन बसला होता. दुसऱ्या पहाटेही तेच पाणी, तीच पाठ, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्या दिवशी राघोजीने तिला एकदाही हाक मारली नाही. तिसऱ्या स्वप्नानंतर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तर त्याची नजर पुन्हा तिच्यातून आरपार गेली.

पुनवेच्या सकाळी सारा गाव देवळात जमला. येसूने राघोजीचा हात धरून त्याला आणले आणि पायरीवर बसवले. तो खाडीकडे पाहत राहिला. तेव्हाच्या गुरवाने विचारले, "येसू, काय वाहतेस?" दुलबाशेट खांबाशी खाली मान घालून उभे होते. येसूने पुडी सोडली. खोटे बोलून नवरा हातचा जात होता, खरे बोलून तो राहीलच असे कुणी सांगितले नव्हते. तरी तिने देवीकडे पाहिले आणि मोठ्याने सांगितले.

"आई, ही लालडी हाय. माणिक घ्यायची माझी ऐपत नाय. पन कुठूनबी बघ, एकाच रंगाची हाय."

देवळात कुजबुज उठली. देवीची थट्टा चालवली आहे, असे कुणी म्हणाले. गुरवाने पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात दारातून आलेले ऊन येसूच्या तळहातावर पडले आणि खडा पेटला. पायरीवरचा राघोजी उठला. गर्दीतून वाट काढत तो तिच्यापर्यंत आला आणि तळहाताकडे वाकून पाहू लागला.

"हाच," तो म्हणाला. "लाटा मला गरागरा फिरवायच्या. कुठं वर, कुठं खाली, काय कळायचं नाय. पन हा तांबडा ठिपका जिथं होता तिथंच. त्याच्याकडं हात मारीत आलो." मग त्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिले. "तूच लावायचीस का गो, येसू?"

गुरवाने हात पुन्हा पुढे केला आणि लालडी देवीच्या कपाळावर बसवली.

राघोजी पुढे दर्यावर गेला की नाही, यावर गावात दोन मते आहेत. येसूचा भात मात्र पुष्कळदा करपला आणि राघोजीने दर वेळी तसे बोलून दाखवले, यावर सगळ्यांचे एकमत आहे. जेवताना नवऱ्याने कुरकुर केली की वेळाण्याच्या बायका देवीच्या पाया पडतात; कुरकुरतो म्हणजे तो मनाने घरातच आहे.

आजही वेळाईपुढे काही वाहायचे तर आधी त्याचे खरे नाव सांगावे लागते. आजही दर पुनवेला खडपावर तांबड्या कापडाआड पणती लावतात, आणि त्या कापडासाठी गावातली कुणीतरी बाई आपले लग्नातले लुगडे फाडून देते. हकीकत संपली की दाजी गुरव उठतात आणि पाहुण्याच्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवतात. "चला," ते म्हणतात. "तुम्ही काय आणलंय ते तिला सांगा."